डाग आवडले नाहीत तरी चालेल

बडोद्यातल्या 24 वर्षांच्या एका मुलीने विचारलं आहे: ‘तीन वर्षांपूर्वी माझ्या बोटांच्या टोकांवर आणि ओठांच्या कडेला कोड दिसायला लागलं. आता कपाळावर आणि मानेवरही आहे. मी एका कंपनीत अकाउंट्स बघते. सकाळी तासभर मेकअप केल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. दोन नवरात्रं गरब्याला गेले नाही. स्थळं बघायला सुरुवात झाली आहे आणि आई म्हणते, आत्ता काही बोलू नकोस. सगळे सांगतात, स्वतःला स्वीकार. पण मला हे डाग आवडत नाहीत, कधी आवडतील असंही वाटत नाही. मग स्वीकारायचं म्हणजे नेमकं काय करायचं? औषध सोडून द्यायचं का?’

औषध सोडायचं नाही. हे आधी सांगते, कारण उपचार चालू ठेवले तर आपण स्वतःला नाकारतोय आणि स्वीकारलं तर हार मानली, या कात्रीत सापडलेली बरीच मुलं-मुली माझ्याकडे येतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालतात. सकाळी मलम लावायचं आणि त्याच हाताने उघड्यावर भाजी घ्यायची, यात काही विसंगती नाही.

मी त्वचारोगतज्ज्ञ नाही. चारचौघांत उठून दिसणारं काहीतरी अंगावर घेऊन जगणाऱ्यांबरोबर समुपदेशक म्हणून काम करते. पण उपचारांबद्दल थोडं बोलावंच लागेल, कारण तुझा बराचसा अडकलेपणा तिथे आहे. कोडात शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते. ते कुणाला लागत नाही, कुष्ठरोगाशी त्याचा संबंध नाही, आणि ताक, लिंबू, लोणचं बंद करून ते थांबत नाही. दुधाबरोबर मासे खाल्ल्याने ते होत नाही. थायरॉईडच्या तक्रारी मात्र कोडाबरोबर बऱ्याचदा असतात, म्हणून ती रक्ततपासणी झाली नसेल तर करून घे. मलमं आहेत, आठवड्यातून दोन-तीनदा घ्यायचा नॅरोबँड किरणांचा उपचार आहे, आणि डाग वर्षभर जागचे हलले नाहीत तर त्वचेच्या रोपणाचा विचार करता येतो. चेहरा आणि मान बहुधा चांगली साथ देतात. ओठ आणि बोटांची टोकं सगळ्यांत चिवट असतात, कारण रंग परत येतो तो मुख्यतः केसांच्या मुळांशी उरलेल्या पेशींमधून, आणि या जागांवर केसच नसतात.

म्हणजे तुझ्या कपाळाबद्दल आशा ठेवायला चांगली जागा आहे. बोटांच्या टोकांबद्दल मात्र ‘रंग आला की मग बाहेर पडेन’ असा बेत करू नकोस. उपचार महिनोन्‌महिने चालतात. तेवढे महिने आयुष्य थांबवून ठेवणं परवडत नाही, आणि पंचविशीत तर मुळीच नाही.

जाता जाता एक विचारते. कपाळावरचा डाग टिकलीच्या जागीच आहे का? काही टिकल्यांच्या गोंदात एक रसायन असतं, ज्याने नेमकी त्या जागेची त्वचा पांढरी पडू शकते. तसं असेल तर टिकली आजच थांबव आणि डॉक्टरांना सांग.

आता तुझ्या मुख्य प्रश्नाकडे येते. डाग आवडून घे असं तुला कुणी सांगत असेल तर ते सोडून दे. आपल्या शरीरातली एखादी गोष्ट न आवडणं हा काही मानसिक बिघाड नाही. तीन वर्षांपूर्वीचा चेहरा तुझा होता, तो बदलला, त्याचं दुःख होणारच. आरशासमोर रडू आलं तर येऊ दे. माझ्या कामात मी स्वीकार मोजते तो एकाच गोष्टीने: दिवसातले किती निर्णय डाग घेतात आणि किती तू घेतेस. कुठे बसायचं, कोणता कुर्ता घालायचा, फोटोत कुठे उभं राहायचं, लग्नाला जायचं की डोकं दुखतंय म्हणायचं, हे निर्णय एकेक करून परत तुझ्या हातात येणं, एवढंच मला अभिप्रेत आहे. मनाला बरं वाटणं त्याच्या मागून येतं. आधी बरं वाटू दे, मग बाहेर पडेन, हा क्रम मी फारसा यशस्वी होताना पाहिलेला नाही.

डागांचा आकार आणि मनाचा त्रास यांचं गणित सरळ नसतं. अंगभर कोड असलेला माणूस निवांत नोकरी-संसार करतो आणि नखाएवढ्या डागाने एखादी मुलगी कॉलेज सोडते, हे दोन्ही मी पाहिलं आहे, आणि संशोधनही वारंवार तेच सांगतं. 1980 साली क्लेक आणि स्ट्रेंटा या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागी व्यक्तींच्या चेहऱ्यावर रंगाने एक ठळक व्रण काढला, तो आरशात दाखवला, आणि मग व्रण टिकावा म्हणून क्रीम लावतो असं सांगून गुपचूप पुसून टाकला. चेहरा कोरा आहे हे त्या व्यक्तींना माहीत नव्हतं. मग त्या व्यक्ती एका अनोळखी माणसाशी बोलून आल्या आणि म्हणाल्या, समोरच्याचं वागणं व्रणामुळे बदललं होतं. नसलेल्या व्रणाचा परिणाम त्यांना समोरच्याच्या नजरेत स्पष्ट दिसला होता.

याचा अर्थ तुला येणारे अनुभव मनाचे खेळ आहेत असा मुळीच काढू नकोस. लोक बघतात. आपल्या बडोद्यात तर खंडेराव मार्केटमध्ये भाजी घेताना अनोळखी बाई हात धरून विचारते, ‘आ शुं थयुं, बेटा?’ संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणीतरी कुंकू लावताना बोट जरा आखडतं. हे खरं आहे आणि ते लागतं. पण आपण आधीच त्या नजरेची वाट बघत उभे असलो की बाजूने जाणारी, स्वतःच्याच विवंचनेत असलेली प्रत्येक नजर आपल्यावरच आहे असं वाटायला लागतं. खऱ्या त्रासात हा अंदाजाचा त्रास मिसळतो. यातला दुसरा आपल्याला कमी करता येतो.

त्यासाठी एक आठवडा फक्त नोंद ठेव. डागांमुळे काय केलं आणि काय टाळलं, एवढंच लिही, सुधारायला जाऊ नकोस. या वह्यांमध्ये मला काय काय वाचायला मिळतं ते सांगते: पैसे हातात द्यायला नकोत म्हणून सगळीकडे क्यूआर कोड. मीटिंगमध्ये हात टेबलाखाली. देवळात प्रसाद घ्यायला ओंजळीऐवजी रुमाल. डबा सगळ्यांच्या नंतर खाणं. आणि आपल्याकडचा तो स्कार्फ! ॲक्टिव्हावर उन्हासाठी इथल्या सगळ्याच मुली तोंड बांधतात, त्यात काही वेगळं नाही, आणि कोडाच्या जागेला उन्हापासून जपावंच लागतं. पण गाडी पार्किंगला लावल्यावर बाकीच्यांचा स्कार्फ सुटतो आणि आपला लिफ्टपर्यंत, मग टेबलापर्यंत तसाच राहतो. त्या पार्किंग ते टेबल या अंतरात खूप काही असतं. अशा गोष्टी लिहिल्या की पान भरतं, आणि एवढी शक्ती रोज यात जाते हे पाहून बहुतेकांना स्वतःची दया न येता राग येतो. तो राग उपयोगी आहे.

मग त्या पानावरची सगळ्यांत सोपी गोष्ट निवड. तुझ्या बाबतीत मी हातांपासून सुरुवात करेन. बोटांवरचा मेकअप तसाही टिकत नाही. डब्याआधी हात धुतले की गेला, फाइलींच्या कागदाला लागला की गेला, आणि तू दिवसभर तो परत लावत बसतेस. शिवाय घासून-घासून मेकअप काढणं कोडाला चांगलं नसतं, कारण वारंवार घर्षण किंवा जखम झालेल्या जागी नवा डाग उठू शकतो. तेव्हा चेहऱ्याला हात न लावता आधी बोटं मोकळी सोड. पहिल्यांदा रविवारी सकाळी कामाटीबागेत फेरी मार, जिथे प्रत्येक जण आपापल्या चालण्यात असतो. मग भाजीवाल्याला रोख पैसे दे. मग ऑफिसात, शक्यतो कामाचा रेटा असलेल्या दिवशी, कारण महिनाअखेरीला अकाउंट्समध्ये कुणाला कुणाच्या बोटांकडे बघायला फुरसत नसते.

यात एक नियम महत्त्वाचा आहे. छातीत धडधड वाढली की तिथून निघून जायचं नाही. भीती चढते, काही वेळ तिथेच राहते आणि आपण काहीच केलं नाही तरी उतरायला लागते. ती उतरेपर्यंत थांब. शिगेला असताना पळालीस तर मन एवढंच शिकतं की पळाले म्हणून वाचले. तीच जागा, तोच प्रसंग, चार-पाच वेळा कर. पुनरावृत्ती कंटाळवाणी होते, आणि कंटाळा आला म्हणजे काम होतंय. कधी एखादा दिवस वाईट जाईल, कुणीतरी काहीतरी बोलेल आणि तू परत तासभर मेकअप करशील. म्हणून आधी केलेलं वाया जात नाही. दुसऱ्या दिवशी एक पायरी खालून सुरू कर.

मेकअपशी माझं भांडण नाही. सणाला, समारंभाला, नुसतं मनात आलं म्हणून कर. प्रश्न एवढाच की त्याच्याशिवाय खाली दूध आणायला जाता येतं का. जात असशील तर तो शृंगार आहे. जाता येत नसेल तर त्याला रोजच्या दिवसातून थोडं थोडं मागे सारायचं. आणि डागाला आरशात अगदी नाकाजवळ जाऊन, फोन झूम करून रोज तपासणं थांबव. डॉक्टरांसाठी महिन्यातून एकदा त्याच खिडकीच्या उजेडात फोटो काढ, तेवढं पुरे. आरशासमोर हातभर अंतरावर उभी राहा आणि जे दिसतं ते फक्त वर्णन कर: ओठाच्या डाव्या कडेला तांदळाएवढा पांढरा भाग, भुवया काळ्या, डोळे थोडे जागरणाचे. ‘भयंकर’, ‘शी’, ‘कसलं हे’ असे शब्द आले की परत रंग आणि आकारावर ये. सुरुवातीला कृत्रिम वाटेल. काही दिवसांनी नजर डागावर अडकून न राहता सगळ्या चेहऱ्यावरून फिरायला लागते.

लोकांच्या प्रश्नांसाठी उत्तर तयार ठेव, कारण ऐनवेळी शब्द सापडत नाहीत आणि मग आपण रात्रभर स्वतःवर चिडतो. जेम्स पार्ट्रिज नावाचे एक ब्रिटिश गृहस्थ 18 व्या वर्षी मोटारीच्या आगीत चेहरा भाजून निघाले. पुढे 1992 साली त्यांनी ‘चेंजिंग फेसेस’ ही संस्था काढली आणि हजारो लोकांना लोकांसमोर उभं राहण्याची तंत्रं दिली. त्यांच्या शिकवणीतला गाभा मी इथे आपल्या पद्धतीने वापरते: काय आहे ते एका वाक्यात सांग, समोरच्याची भीती दुसऱ्या वाक्यात काढ, आणि तिसऱ्या वाक्यात विषय बदल. ‘काकू, हे कोड आहे. कुणाला लागत नाही, उपचार चालू आहेत. तुमचा गुडघा कसा आहे?’ गुजराती शेजारणीला, ‘मासी, आ सफेद डाघ छे, चेपी नथी, दवा चालु छे.’ हे घरी मोठ्याने म्हणून बघ, आवाज न कापता येईपर्यंत. प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना एवढं उत्तर पुरतं. तुझा चेहरा शांत दिसला की त्यांचाही होतो.

सगळ्यांना शिकवत बसण्याची जबाबदारी तुझी नाही. थकली असशील तर ‘डॉक्टरांकडे चालू आहे’ म्हणून पुढे निघून जा. लहान मूल विचारेल तर खाली वाकून हात दाखव, हात लावू दे. मुलं एका मिनिटात दुसऱ्या विषयावर जातात. टक लावून बघणाऱ्याकडे एकदा सरळ बघ, मान हलव आणि आपलं काम चालू ठेव. आणि गावाकडच्या कुणाचं तरी औषध सांगणाऱ्यांपासून सांभाळ. बावचीचा लेप आपल्याकडे फार जण सुचवतात. तिच्यातल्या द्रव्याने त्वचा उन्हाला अतिशय हळवी होते, डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय लावून उन्हात गेलं की फोड येतात, भाजतं, आणि भाजलेल्या जागी पुन्हा नवा डाग. अशा वेळी ‘माझे डॉक्टर ठरलेले आहेत’ एवढंच.

गरब्याबद्दल. मोठ्या मैदानावर जायचं की सोसायटीच्या, असं मला बऱ्याच मुली विचारतात. मोठ्या मैदानात हजारो माणसं फिरत असतात, सगळ्यांचं लक्ष पावलांकडे आणि ढोलाकडे, ओळखीचं कुणी नाही. ते सोपं जातं. सोसायटीचा गरबा अवघड, कारण तिथे त्याच त्या मावश्या खुर्च्या टाकून बसलेल्या असतात आणि तू दोन वर्षं का आली नाहीस हे त्यांना विचारायचंच असतं. पण सोसायटीत एकदा उत्तर देऊन झालं की नऊ रात्री तो विषय निघत नाही, आणि वर्षभर जिन्यात त्याच भेटणार असतात. म्हणून मी पहिली रात्र मोठ्या मैदानावर आणि अष्टमी सोसायटीत असं सुचवेन. पाठ उघडी असलेली चोळी घालायचीच असं काही नाही. तुला जी घालावीशी वाटते ती घाल. फक्त निवडताना स्वतःला विचार, डाग नसते तर हीच घेतली असती का?

तू एकटी नाहीस हेही सांगायला हवं. जगभरात कोडाचं प्रमाण साधारण अर्धा ते दोन टक्के मानतात. गुजरात आणि राजस्थानातल्या काही पाहण्यांत ते 8 टक्क्यांपर्यंत आढळलं आहे. रावपुऱ्यापासून मांडवीपर्यंत चालत गेलीस तर कोड असलेली माणसं तुझ्या बाजूने गेलेली असतात, लांब बाह्यांमध्ये. विनी हार्लो या कॅनेडियन मॉडेलचे फोटो तुला मैत्रिणींनी पाठवले असतीलच. छान आहेत, पण मला त्यांचा उपयोग मर्यादित वाटतो. तिचं जग वेगळं, तिच्यावर तिच्या व्यवसायाचा प्रकाशझोत आहे. तुला गरज आहे ती कोड घेऊन बँकेत नोकरी करणाऱ्या, मुलांना शाळेत सोडणाऱ्या, सासूशी वाद घालणाऱ्या बाईला भेटण्याची. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी सुरू केलेली ‘श्वेता असोसिएशन’ ही कोड असलेल्यांची संस्था आहे, त्यांना स्वतःला कोड आहे. मराठीतून बोलता येईल अशी ही जागा. त्यांच्याशी संपर्क कर.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, आठवडेच्या आठवडे कशात मन लागत नसेल, किंवा जगू नये असे विचार येत असतील तर ही वही-पायरी बाजूला ठेव आणि लगेच मदत घे. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठी आणि गुजराती दोन्हींत बोलता येतं. सयाजी हॉस्पिटलमध्येही मानसोपचार आणि त्वचारोग हे दोन्ही विभाग आहेत. कोडासोबत उदासी येणं सर्वसामान्य आहे आणि तिच्यावर उपचार होतात.

आता आई. त्यांच्यावर रागावू नकोस. मी अशा अनेक आयांशी बोलते; जवळजवळ प्रत्येकीला आत कुठेतरी वाटत असतं की गरोदरपणात माझंच काही चुकलं, आणि लपवणं हा त्यांचा मुलीला वाचवण्याचा मार्ग असतो. पुढच्या वेळी त्यांना डॉक्टरांकडे बरोबर ने आणि त्यांच्या समोर दोन प्रश्न विचार: हे आईच्या चुकीमुळे झालं का, आणि माझ्या मुलांना होईल का? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. दुसऱ्यासाठी एक आकडा लक्षात ठेव: हुबेहूब सारख्या जुळ्यांमध्ये, ज्यांची जनुकं एकच असतात, एकाला कोड असताना दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण सुमारे 23 टक्केच आढळलं. आनुवंशिकतेचा वाटा आहे, पण आईला आहे म्हणून मुलाला होणारच, असं नाही. बहुसंख्य मुलांना होत नाही. डॉक्टरांच्या तोंडून हे ऐकलं की आया स्थळांशी बोलताना ताठ बसतात.

लपवून लग्न जमवण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. नैतिकता क्षणभर बाजूला ठेव, तुझ्या मनासाठीच ते वाईट आहे. साखरपुड्यापासून लग्नापर्यंत प्रत्येक भेटीला मेकअप, आणि नंतर पहिल्याच सकाळी चेहरा धुण्याची भीती. कोड हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण म्हणून दिलेलं नाही, पण फसवणूक केली असा आरोप मात्र होऊ शकतो आणि त्यात मुलगी भरडली जाते. आणि कोड असलेल्या मुलीने कोड असलेलाच मुलगा करावा, असं जे काही नातेवाईक सुचवतात, तेही मान्य करायची गरज नाही. तसा मुलगा आवडला तर चांगलंच, पण ती अट कशाला?

कांदेपोह्यांपर्यंत थांबू नकोस. बायोडेटात एक ओळ घाल आणि पहिला फोन शक्य तर तूच कर: ‘माझ्या चेहऱ्यावर आणि हातांवर कोड आहे, फोटोत ते दिसतंय. उपचार चालू आहेत. काही विचारायचं असेल तर मलाच विचारा.’ काही स्थळं तिथेच गळतील. त्या दिवशी वाईट वाटेल. मैत्रिणीला बोलाव, आईजवळ बस, रडलीस तरी चालेल. जी उरतील त्यांच्या घरी जाताना तुला काही सांभाळत बसावं लागणार नाही. पाठवायचा फोटो दिवसाच्या उजेडात, मेकअपशिवाय, दोन्ही हात दिसतील असा काढ, आणि तो आईंना काढायला सांग.